‘आमच्या’मधील ‘मी’

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यातील विनयाची आजवर पुष्कळ वाखाणणी झाली आहे. आम्हांस मात्र तो विनय या खेपेस वाचताना खटकला. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविणाऱ्या, १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहणाऱ्या या बाई. परंतु पुस्तक न्यायमूर्तींच्या १९०१ मधील निधनापाशी थांबते. स्वतंत्र कर्तृत्वाचा काळ उजाडतो तेथेच लेखणी खाली ठेवलेली आहे. पतीच्या स्मरणार्थ लिहिलेले पुस्तक ते, हे मान्य. तरीही इंग्रजी शिकल्यापायी घरातल्या बायकांची खाल्लेली बोलणी त्यांनी किती बारकाईने टिपली आहेत! स्त्रीने सोसलेले सांगावे, हे शिष्टसंमत. केलेले सांगितले की ती आत्मप्रौढी.

पुढे दुर्गाबाई खोटे यांनी आत्मचरित्राचे नावच ‘मी, दुर्गा खोटे’ ठेवले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तील तारामती ही त्यांची उपजीविकेची कमाई होती, नुसती हौस नव्हे.

सरकारी नोकरीत स्वयंमूल्यमापनाचे कागद आमच्या हाताखालून जात. पुरुष लिहीत, ‘मी वसुली पूर्ण केली.’ तेवढ्याच वसुलीबद्दल महिला अधिकारी लिहीत, ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनाने काम पार पडले.’ बढतीच्या वेळी समितीपुढे तेच वाक्य जाई.

सेवासदनाचे वर्ग कसे भरले, पैसा कोणाच्या दारी मागितला, नकार कोणी दिला, हे रमाबाईंच्या त्याच चोख भाषेत आम्हांस वाचावयाचे होते.