भंगारातील आख्यान

प्रलयानंतरच्या जगातील मारामाऱ्या आणि मोटारींचे पाठलाग दाखविणाऱ्या चित्रपटांचा विचार साहित्याच्या नियतकालिकात कशाला, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. आणि तसा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकारही आहे. परंतु माझा विषय ते चित्रपट तितकासा नाही. ते घरी बसून पुनःपुन्हा पाहणारा, पाहता पाहता मध्येच थांबविणारा, आणि पाहून झाल्यावर स्वतःच काही रचू लागणारा जो प्रेक्षक गेल्या चाळीसपन्नास वर्षांत निर्माण झाला, त्याच्याविषयी मला लिहावयाचे आहे. आपल्या रसचर्चेतील सहृदय हा आस्वाद घेणारा आहे. कवीने द्यावे आणि त्याने घ्यावे, असा तो व्यवहार. हा सहृदय हातात पाना आणि हातोडी घेऊन उठला, किंवा लेखणी घेऊन बसला, तर त्याच्या निर्मितीला आपण काय म्हणावे? तिची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? मुळात हा प्रश्न साहित्याचाच आहे.

उदाहरण म्हणून मी 'मॅड मॅक्स' ही ऑस्ट्रेलियन चित्रमालिका घेतो. तिचा पहिला चित्रपट १९७९ साली आला, दुसरा १९८१ साली, तिसरा 'बियाँड थंडरडोम' १९८५ साली. त्यानंतर तीस वर्षांच्या खंडाने २०१५ मध्ये 'फ्युरी रोड' व २०२४ मध्ये 'फ्युरिओसा'. या सर्वांचे कर्ते जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात, अपघातात जखमी झालेली माणसे आणतात त्या विभागात, त्यांनी काम केले होते; रस्त्यावर माणसाच्या देहाचे काय होते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पहिला चित्रपट तुटपुंज्या पैशांत झाला. पैसे पुरेनात म्हणून मिलर यांनी आपली स्वतःची गाडीदेखील एका दृश्यात मोडून टाकली. त्याच्या संकलनाचे बरेचसे काम उत्तर मेलबर्नमधील एका मित्राच्या घरी, छोट्या बैठकीच्या खोलीत झाले. आणि ते ज्या यंत्रावर झाले ते निर्माते बायरन केनेडी यांच्या अभियंता वडिलांनी घरीच जुळवून दिलेले होते. ज्या कलाकृतीचा जन्मच असा घरगुती, तिच्या चाहत्यांनी घरच्या घरी काही करून पाहावे यात आश्चर्य कसले?

मी स्वतः या मालिकेतील दुसरा चित्रपट इंदूरला, आमच्या जुन्या घराच्या माजघरात, १९८०नंतरच्या दशकात पाहिला. एका रात्रीपुरते भाड्याने आणलेले यंत्र, नकलेची नक्कल असलेली फीत, आणि आळीतील वीसएक माणसे. फितीवरचे चेहरे पुसट झाले होते, इंग्रजी संवाद कोणाला धड कळत नव्हते. त्यामुळे वाळवंटात तेलासाठी झुंजणारी ती माणसे कोण, कोठून आली, याविषयी ज्याने त्याने आपापली कथा रचली आणि ती मोठ्याने सांगितली. माझ्या आत्याला मारामारीत मुळीच रस नव्हता. "तेलासाठी एवढे भांडतात, मग पाणी कोठून आणतात?" हे ती दर दहा मिनिटांनी विचारी, आणि आम्ही तिला गप्प बसवीत असू. तिचा प्रश्न किती मार्मिक होता, हे मला पुढे तीस वर्षांनी कळले.

या चित्रपटांची रचनाच अशी आहे की त्यांत प्रेक्षकाला शिरावयास जागा राहते. जग कशाने बुडाले हे नीट सांगितले जात नाही. पात्रांचा पूर्वेतिहास एखाद्या वस्तूवरून, गळ्यातल्या माळेवरून, गाडीला जोडलेल्या परक्या भागावरून ओळखावयाचा. दुसऱ्या चित्रपटाच्या प्रारंभी व शेवटी जो निवेदक बोलतो तो त्याच कथेतील रानटी पोर, आता वृद्ध झालेला. म्हणजे आपण पाहिले ते घडलेले नव्हे, कोणी आठवून सांगितलेले, आणि सांगताना मॅक्सची मूर्ती थोडी मोठी झालेली. नायकाभोवतीच्या हकिकती एकमेकींशी काटेकोर जुळत नाहीत, याचे समाधानही यातच आहे. आख्याने एकमेकांशी कधीच काटेकोर जुळत नसतात.

तिसऱ्या चित्रपटात तर मिलर यांनी आणि त्यांचे सहदिग्दर्शक जॉर्ज ओगिल्वी यांनी हा विषय उघडपणेच मांडला आहे. मालिकेतील हा सर्वांत दुबळा चित्रपट, असे बहुतेक समीक्षक म्हणतात. झुंजीच्या घुमटाच्या प्रसंगानंतर त्याची गती मंदावते हे मला मान्य. पण मला स्वतःला त्याचा उत्तरार्धच अधिक मोलाचा वाटतो. विमान कोसळून एका दरीत अडकलेली मुले तेथेच वाढली आहेत. मदत आणावयास गेलेला वैमानिक परतलेला नाही. मुले रोज त्याची कथा 'सांगतात'. सॅव्हाना निक्स ही थोरली मुलगी काठ्यांची एक चौकोनी चौकट गुहेतील चित्रांपुढे धरते, आणि कथा जसजशी पुढे सरकते तसतशी ती चौकट एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर नेते. ती चौकट म्हणजे दूरचित्रवाणीचा पडदा! ज्या मुलांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्या हाती त्याचा केवळ आकार उरला आहे, आणि त्या आकारात ती स्वतःचे पुराण भरीत आहेत. मॅक्स दिसताच तोच आपला वैमानिक, असे ती ठरवून टाकतात. कथानकाच्या दृष्टीने ती चूक आहे. तरीही त्या चुकीच्या पाठाच्या बळावरच ती दरीतून बाहेर पडतात, आणि अखेरीस सिडनीच्या भग्न इमारतींत दिवे लावून सॅव्हाना पुन्हा कथा सांगावयास बसते. घरी पडद्यापुढे बसून मिळेल त्या तुकड्यांतून आपले जग रचणाऱ्या प्रेक्षकाचे इतके सहानुभूतीने काढलेले चित्र मला अन्यत्र आढळले नाही.

चाहत्यांच्या या रचनेला आपल्याकडे जुना शब्द आहे: प्रक्षेप. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा गणपतीने व्यासांचा लेखक होण्याची कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. संशोधनाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु महाभारत म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे जे पहिले चित्र उभे राहते ते त्या प्रक्षेपाचेच, हेही विसरता येत नाही. प्रक्षेपकार हा लुच्चा असतो असे आपण समजतो. तो बहुधा ऐकता ऐकता राहवले नाही म्हणून बोललेला श्रोता असतो.

या मालिकेच्या इतिहासात असा एक श्रोता थेट व्यासांच्या मांडीला मांडी लावून बसला. ब्रेंडन मॅकार्थी या ब्रिटिश चित्रकाराला दुसऱ्या 'मॅड मॅक्स'ने झपाटले. त्या प्रभावाखाली त्याने पीटर मिलिगन या लेखकाबरोबर 'फ्रीकवेव्ह' ही चित्रकथा रचली. वाळवंटाच्या जागी जलमय जग, आणि मोटारींच्या जागी लाटा. ती १९८३ च्या सुमारास छापून आली. पुढे मिलर यांनी त्याच माणसाला बोलावून घेतले, आणि 'फ्युरी रोड' आधी लेखी पटकथेऐवजी सुमारे साडेतीन हजार चित्रांच्या रूपाने आकारास आला. पटकथालेखकांत मॅकार्थी यांचे नाव आहे. चाहत्याची नक्कल कोठे संपली आणि मूळ कृती कोठे सुरू झाली, याची रेषा येथे कोणी काढून दाखवावी!

घरी चित्रपट पाहण्याने केवळ निर्मितीच होते असे नाही; समीक्षाही होते. 'फ्युरी रोड'मध्ये दोन तासांत सुमारे सत्तावीसशे तुकडे जोडलेले आहेत, तरीही डोळा गोंधळत नाही. याचे कारण छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची वस्तू सतत चौकटीच्या मध्यभागी ठेवली, आणि संकलिका मार्गारेट सिक्सेल यांनी तो मध्य सांभाळला. चित्रपटगृहाच्या काळोखात हे जाणवते, पण दिसत नाही. घरी चित्र थांबवून, पडद्याच्या मध्यावर फुलीची रेघ आखून पाहणाऱ्यांनी ते उघड करून दाखविले. आपल्याकडे एखाद्या आर्येतील यमकांची उकल करीत बसणारे जुने शास्त्री आणि हे लोक यांच्यात मला फारसा भेद दिसत नाही. २०१६ च्या अखेरीस या चित्रपटाची कृष्णधवल आवृत्तीही निघाली. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी संगीतकारासाठी काढलेली रंगहीन प्रत पाहिल्यापासून मिलर यांच्या मनात ती कल्पना होती. अशा आवृत्त्या चाहत्यांनीही आपापल्या परीने करून पाहिल्या, कोणी त्यांतले संवादसुद्धा काढून टाकले. मला विचाराल तर रंगीत आवृत्तीच सरस आहे. नारिंगी वाळू गेली की तहानही निम्मी जाते.

आता ज्याविषयी माझे मन साशंक आहे त्याकडे वळतो. कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात २०१० पासून 'वेस्टलँड वीकेंड' नावाचा मेळावा भरतो. तेथे केवळ प्रेक्षक म्हणून जाता येत नाही. प्रलयोत्तर जगाला शोभेल असा वेष प्रत्येकाने केलाच पाहिजे. टायरचे चिलखत, मोडक्या यंत्रांचे अलंकार, मूळ ओळखू येणार नाही इतक्या बदललेल्या गाड्या, आणि झुंजीचा घुमटसुद्धा. गोव्यातील दशावतार किंवा नाशिककडचा बोहाडा ज्याने पाहिला आहे त्याला सोंग घेण्यातील आनंद समजावून सांगावा लागत नाही. शिवाय हाताच्या श्रमाविषयी मला आदर आहे. फेकलेल्या वस्तूचा पुन्हा उपयोग करणे हा या चित्रपटांतील जगाचा धर्मच आहे, आणि छायाचित्रांतून जे दिसते त्यात मूळ नेपथ्यकारांनाही हेवा वाटावा असे काम आहे.

पण 'फ्युरी रोड'मधील कोणती गोष्ट चाहत्यांनी सर्वांत आवडीने उचलली? इमॉर्टन जो याच्या सैन्यातील आजारी, अल्पायुषी पोरे मरावयास निघताना तोंडावर चंदेरी रंग फवारतात आणि 'मला साक्षी राहा' म्हणून ओरडतात. स्वर्गाचे आमिष दाखवून म्हाताऱ्याने फसविलेल्या मुलांची ती आरोळी आहे. आज ती मेळाव्यांत, खेळांत आणि घरोघरच्या बैठकांत कौतुकाची आरोळी झाली आहे. येथे सोंगाने आपल्या संहितेकडे पाठ फिरविली, असे मला वाटते. नक्स या पोराची सारी कथा त्या आरोळीतून बाहेर पडण्याची कथा आहे. प्रथम तो मालकाच्या डोळ्यांत भरावे म्हणून मरू पाहतो, आणि दर वेळी हास्यास्पद रीतीने फसतो. शेवटी तेच शब्द तो एका मुलीकडे बोट दाखवून जवळजवळ कुजबुजत उच्चारतो, आणि इतरांची वाट मोकळी करून देऊन मरतो. गर्जना आणि कुजबूज यांतील अंतर म्हणजे तो चित्रपट. ज्याने ते शब्द फक्त गर्जना म्हणून उचलले त्याने चित्रपट शंभर वेळा पाहिला असला तरी एकदाही ऐकला नाही. दशावतारात दैत्याचे सोंग घेणारा नट दैत्य कोण हे विसरत नाही. प्रेक्षकही विसरत नाहीत.

याच्या उलट, जन्मतः किंवा अपघाताने ज्यांचा हात अपुरा आहे अशा काही स्त्रियांनी फ्युरिओसाचा वेष घेतला आहे. त्यांना नक्कल करावी लागली ती फक्त यांत्रिक हाताची. त्या पात्राचे अपुरेपण चित्रपटात कोठेही दयेचा विषय होत नाही. कोणी त्याचा उल्लेखही करीत नाही. हे मौन त्या स्त्रियांनी नेमके वाचले आहे. समीक्षकांपैकी किती जणांनी ते वाचले?

'फ्युरी रोड' मी आत्याला घरीच दाखविला. आता ती थकली आहे, कानांनाही कमी ऐकू येते. गडावरून पाणी सोडणारा आणि बंद करणारा म्हातारा पडद्यावर येताच ती सावरून बसली. शेवटी वरच्या स्त्रिया पाणी सोडतात आणि खालची माणसे भांडी उंचावतात, तेव्हा चित्रपट संपतो. आत्या म्हणाली, "आणि उद्या? उद्या पाणी कोण सोडणार, किती सोडणार?"

चाहत्यांनी लिहिलेल्या कथांपैकी मी ज्या वाचल्या त्यांतील बऱ्याच या 'उद्या'पासूनच सुरू होतात. अशा कथांसाठी वाचकांनीच उभारलेला, २००९ पासून खुला असलेला एक मोठा संग्रह आहे; २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या क्षेत्रातील ह्यूगो पारितोषिकही मिळाले. मॅक्स आणि फ्युरिओसा यांचे प्रेम जमविणाऱ्या कथा तेथे विपुल आहेत, आणि त्यांतील बहुतेक सामान्य आहेत. ज्या दोघांनी चित्रपटभर एकमेकांना एखादे गोड वाक्यही ऐकविले नाही त्यांना या कथांत बोलके केले की दोघेही खोटे होतात. परंतु काही कथा पाण्याच्या वाटपाविषयी आहेत. पंप कोणी चालवावयाचे, जो मेल्यावर त्याच्या आजारी पोरांना कोणी सांभाळावयाचे, म्हातारीने पिशवीत जपून आणलेले बी कोणत्या मातीत रुजेल, ज्यांच्यावर काल हुकूम चालत होता त्यांनी आज एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलावयाचे. त्यांत पाठलाग नाही, स्फोट नाही. भाषा पुष्कळदा कच्ची असते, आणि एकेका प्रसंगावर लेखिका इतकी रेंगाळते की संपादकाची कात्री हवी होती असे वाटते. तरीही यांतील काही पाने मी दोनदा वाचली, आणि त्यांतील एका कथेतला पाण्याच्या रांगेचा प्रसंग आत्यालाही मराठीत सांगितला. रांगेत पहिले कोण उभे होते, ते तिने मला दोनदा विचारून घेतले.