वाटीपुरता जाळ

ओव्हनमधल्या स्मोर्सचा सगळा जीव शेवटच्या दोन-तीन मिनिटांत असतो. बिस्किटांचा चुरा करणं, चॉकलेट चिरणं, वाट्या भरणं ही त्याआधीची सगळी नुसती तयारी. खरा पदार्थ घडतो तो खालची दांडी बंद करून वरची एकटी लालबुंद होऊ दिली, वाट्यांचा ट्रे वरच्या खाचेत सरकवला आणि आपण काचेसमोर उभे राहिलो की. पांढरे मार्शमॅलो आधी चकाकतात. मग फुगू लागतात, एकमेकांना चिकटतात, मधल्या फटी भरून काढतात. माथ्यावर पहिला पिवळट ठिपका उमटतो आणि तिथून पुढे रंग धावत सुटतो: पिवळ्याचा बदामी, बदामीचा तांबूस, आणि जो फुगवटा दांडीच्या सगळ्यात जवळ गेलाय त्याच्या टोकावर काळा. हा काळा ठिपका दिसला की ट्रे बाहेर. आणखी अर्धं मिनिट ठेवला तर जळकट कडवटपणा सगळ्या वाटीचा ताबा घेतो, अर्धं मिनिट आधी काढला तर उरते ती नुसती गरम साखर.

नागपूरच्या प्रताप नगरात हा पदार्थ पुरता रुळलाय. एके काळी इथे अंगणवाली बैठी घरं होती, आता त्यांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. खामल्यापासून त्रिमूर्ती नगरापर्यंत कितीतरी स्वयंपाकघरांत मिक्सरच्या शेजारी छोटा ओटीजी दिसतो, आणि डिसेंबर लागला की जिन्यात लोणी-साखरेचा वास दरवळतो. आमच्या वरच्या माळ्यावरची एक मुलगी नोकरी सांभाळून घरून केकच्या ऑर्डरी घेते. या वाट्या मात्र ती विकायला करत नाही, खास घरच्यांसाठी आणि आम्हा शेजाऱ्यांसाठी करते. "काकू, लवकर या ना, फुगून राहिले!" अशी तिची हाक आली की चप्पल न घालता वर जावं लागतं, कारण हा पदार्थ कुणासाठी थांबत नाही. तिच्या हातच्या वाटीत मला जे सापडलं ते इथे सांगायचं आहे.

मुळात हा अमेरिकेतला शेकोटीवरचा खाऊ. तिथल्या गर्ल स्काउट्सच्या 1927 सालच्या एका पुस्तकात त्याची कृती छापलेली आहे. काडीला मार्शमॅलो टोचून निखाऱ्यावर भाजायचा आणि चॉकलेटच्या वडीसकट दोन ग्रॅहम बिस्किटांमध्ये दाबून खायचा, इतकी साधी. ज्यांचं नाव त्या बिस्किटाला लागलं ते सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे 19व्या शतकातले धर्मोपदेशक. मैद्याऐवजी कोंड्यासकट दळलेली जाडसर कणीक खा, असं ते लोकांना कळकळीने सांगत. त्यांचा हा आग्रह स्मोर्सच्या फार उपयोगी पडला आहे, कारण इतक्या गोडाखाली कोंड्याचा खरखरीतपणाच हवा.

आपल्याकडे ग्रॅहम बिस्किट सहज मिळत नाही, त्यामुळे तळाला काय घालायचं यावर घराघरांत मतभेद आहेत. पार्ले-जी मुलांना आवडतं, पण ते मैद्याचं आणि दुधाळ गोड. चॉकलेटचा ओलावा लागला की पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. मारी कोरडं आहे, लोणी भरपूर पितं आणि तरी चवीला मुकंच राहतं. डायजेस्टिव्ह बरंच जवळ जातं, त्यात कोंडा आहे आणि मीठही जाणवतं. पण माझ्या मते पहिला मान भट्टीवरच्या आट्याच्या बिस्किटांचा. घरून कणीक, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत न्यायची आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं आणायची, ही उन्हाळ्याच्या सुट्टीतली रीत विदर्भातल्या कितीतरी घरांनी पाळली आहे. वरची मुलगी तसलीच बिस्किटं वापरते. ती मिक्सरमध्ये फिरवत नाही, पिशवीत घालून लाटण्याने फोडते, म्हणजे चुऱ्यात पिठीही राहते आणि दाताखाली येणारे बारीक खडेही. शंभर ग्रॅम चुऱ्याला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वितळलेलं लोणी, मुठीत दाबल्यावर गोळा धरेल आणि बोट लावल्यावर फुटेल इतपत. बिस्किटांत तूप आधीच जास्त असेल तर लोण्याचा हात आखडता घ्यायचा. चुरा वाटीच्या तळाशी दाबून 170 अंशांवर सात-आठ मिनिटं भाजायचा. हे भाजणं बरेच लोक गाळतात आणि मग तळ ओला राहिला म्हणून चॉकलेटला दोष देतात.

तळ गरम असतानाच त्यावर चिरलेलं चॉकलेट पसरायचं आणि चमचाभर साय किंवा क्रीम घालायचं. ओव्हनची गरज नाही, तळाची ऊब पुरते. इथे मी एका बाबतीत हट्टी आहे: कंपाउंड नको. केकच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या कंपाउंडच्या लादीत कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. सजावटीला, बुडवायला ती उत्तम, पण जिभेवर तिचा मेणचट थर राहतो. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या तोंडातल्या उष्णतेच्या जरासं खाली. मार्शमॅलोतलं जिलेटिनही 35च्या आसपासच विरघळतं. या पदार्थाची सगळी रचना या दोन आकड्यांवर उभी आहे. वरचा थर आणि मधला थर तोंडात जवळजवळ एकाच क्षणी सैल होतात आणि मागे उरतो तो एकटा बिस्किटाचा कुरकुरीतपणा. दोन थर विरतात आणि तिसरा टिकून राहतो, म्हणून घास सपाट लागत नाही.

मार्शमॅलो म्हणजे साखर आणि ग्लुकोजच्या पाकात हवा घुसळून जिलेटिनने धरून ठेवलेला फेस. जुन्या काळी तो खतमी या वनस्पतीच्या मुळांच्या चिकापासून करत. युनानी औषधांत घसा आणि खोकल्यासाठी वापरतात तीच ही खतमी. 19व्या शतकात फ्रेंच मिठाईवाल्यांनी त्याला खाऊचं रूप दिलं आणि पुढे मुळांच्या जागी जिलेटिन आलं. जाळाखाली या फेसात एकाच वेळी तीन गोष्टी होतात. आतली हवा आणि वाफ प्रसरण पावते, म्हणून तो फुगतो. जिलेटिन विरघळतं, म्हणून पसरतो. आणि वरचं पाणी उडून गेलं की जिलेटिनमधली प्रथिनं आणि ग्लुकोज यांचं लग्न लागतं, पाठोपाठ साखर स्वतः करपू लागते. तो तांबूस रंग आणि भाजका सुगंध याच दोन क्रियांमधून येतो.

यातली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट बाहेरून दिसत नाही. फेसात हवा भरलेली असल्यामुळे उष्णता त्यातून हळूहळू उतरते. माथा करपेपर्यंत तापला तरी खालचं चॉकलेट फक्त उबदार, वाहतं राहतं. नुसतं चॉकलेट त्या दांडीखाली ठेवा, जळून त्याचे खडे होतील. विदर्भात शेतावर पानगे करतात तेव्हा हीच युक्ती असते. कणकेचा थापलेला गोळा पळसाच्या दोन पानांत धरून गोवऱ्यांच्या विस्तवात घालायचा. पान काळं पडतं, जळतं आणि कणीक आत खमंग होते. जो जळण्यासाठीच ठेवलाय तो वरचा पदर जाळ स्वतःवर घेतो. फरक इतकाच की पळसाचं पान आपण टाकून देतो आणि मार्शमॅलोची करपलेली साल हाच इथला सर्वात चविष्ट भाग.

शेकोटीवरच्या स्मोर्सशी तुलना होणारच, आणि ती व्हावी. तिथे काडी फिरवता येते, मार्शमॅलो सगळ्या अंगाने भाजतो, धूर लागतो. ओव्हनचा जाळ एकाच बाजूने येतो आणि धूर नसतोच. ही उणीव खरी आहे. कुणी ती भरून काढायला निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतात. मला ते पटत नाही. तुपाचा धूर वरणाला शोभतो, मठ्ठ्याला शोभतो, साखरेवर तो उपरा वाटतो. पण शेकोटीवर चॉकलेटची वडी बहुतेक वेळा गारच राहते, बिस्किटही गारच, आणि मार्शमॅलोची ऊब त्यांना पुरत नाही. ओव्हनमध्ये तिन्ही थर आपापल्या योग्य तापमानाला एकत्र भेटतात. म्हणून मी याला शेकोटीच्या खाऊची घरगुती नक्कल मानत नाही. हा वेगळा पदार्थ आहे आणि चॉकलेटच्या बाबतीत तर मूळ पदार्थाच्या एक पाऊल पुढे आहे.

वाटीत का, मोठ्या ट्रेमध्ये का नाही? पाहुणे जास्त असले की हा मोह होतोच. पण मोठ्या पसरट भांड्यात मार्शमॅलोची साल एकसंध होते. पहिल्या माणसाने चमचा घातला की निम्मी साल त्याच्यासोबत ओढली जाते आणि मागच्यांच्या वाट्याला उघडा पांढरा चीक येतो. वाटीत प्रत्येकाची साल त्याची स्वतःची. कडही ज्याची त्याला. वाटीच्या काठाशी चॉकलेट उकळून वर आलेलं असतं आणि मार्शमॅलोला चिकटून त्याची टॉफीसारखी चिवट किनार झालेली असते. चमच्याच्या टोकाने ती खरवडून खाणं हा यातला एक स्वतंत्र आनंद आहे. तोंडाशी आठेक सेंटिमीटर रुंद वाटीत जवळजवळ प्रत्येक घासाला ती किनार लागते. वेळही महत्त्वाचा. बाहेर काढल्यावर मिनिटभरात साल काचेसारखी कडक होते, मग खालचा ओलावा शोषून हळूहळू चामट होऊ लागते आणि आतला फेस खाली बसून सालीखाली पोकळी राहते. त्यामुळे खाणारा आधी बसवायचा आणि मग वरची दांडी लावायची. दोघे आले तर दोन वाट्या, चौथा उशिरा आला तर त्याची वाटी त्याच्यासाठी नव्याने. तळ आणि चॉकलेट सकाळी भरून ठेवता येतं, जाळ मात्र प्रत्येकासाठी ताजाच हवा.

वाटी चिनी मातीची, जाड बुडाची असावी. स्टीलच्या वाटीची कड चटका देते आणि ती निवतेही लवकर. तापलेली मातीची वाटी थेट ग्रॅनाइटच्या गार ओट्यावर ठेवली तर तडकू शकते, खाली पोळपाट किंवा घडी घातलेलं फडकं हवं.

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचं, पाकिटावर तपकिरी त्रिकोण. आमच्या भागातल्या अनेक घरांत ते चालत नाही, आणि त्यांनी या सुखाला मुकावं असं मला मुळीच वाटत नाही. हिरव्या ठिपक्याचे मार्शमॅलो आता मिळतात, त्यांत बहुधा समुद्री शेवाळातलं कॅराजीनन असतं. ते नरमायला जास्त उष्णता मागतं, म्हणून तोंडात थोडं रेंगाळतं, आणि रंगही उशिरा धरतं. वरची मुलगी अशा वाट्या एक खाच खाली ठेवते, वेळ थोडा वाढवते आणि वरून चिमूटभर दूध पावडर भुरभुरते. दुधातली प्रथिनं जिलेटिनचं काम करतात आणि रंग छान बदामी येतो. घरी चायना ग्रास घालून केलेला फेस मात्र इथे निभत नाही. तो 85 अंशांपर्यंत ताठ उभा राहतो आणि मग एकदम पाणी सोडतो.

नागपुरात या पदार्थाला ऋतू आहे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. 23 मे 2013 रोजी या शहरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. तितकं नसलं तरी मे महिन्यात कपाटातलं चॉकलेट आणि पाकिटातले मार्शमॅलो आपल्या वितळण्याच्या रेषेच्या पुढे गेलेले असतात, आणि 230 अंशांचा ओव्हन लावायचं मन होत नाही. 2018च्या डिसेंबरअखेर पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीत हातात गरम वाटी धरून गॅलरीत उभं राहावं.

आणि त्याच थंडीत आंबिया बहाराची संत्री आलेली असतात. स्मोर्सचा एकच दोष मी मानते, तो अतिगोड आहे. मीठ थोडी मदत करतं, गडद चॉकलेट बरीच करतं, करपलेली साल तर करतेच. पण खरी तोड संत्र्याच्या सालीत आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ओली असताना किसणीवर नीट चढत नाही. म्हणून ती उन्हात वाळवायची, आतला पांढरा पदर खरवडून टाकायचा आणि कुटून पूड करायची. उटण्यासाठी कित्येक घरांत ही साल वाळत घालतातच, त्यातली मूठभर वेगळी काढली की झालं. वाटीला पाव चमचाही भरपूर. ती मार्शमॅलोवर भुरभुरली तर दांडीखाली जळते आणि तिचा सुगंध उडून जातो. ती घालायची तळ आणि चॉकलेट यांच्या मध्ये, बिस्किटाच्या उबेवर. तिथे तिचं तेल चॉकलेटमध्ये उतरतं, आणि गोडाच्या मागून येणारी ती कडसर, झणझणीत चव दुसरा चमचा घ्यायला लावते.