मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळींतील दोन शब्द

येशूच्या चरित्राचे जे चार ग्रंथ नव्या करारांत आहेत, त्यांत मार्ककृत शुभवर्तमान बहुतेक विद्वानांच्या मतें सर्वांत जुनें होय. त्याच्या पहिल्या ओळींत येशू ख्रिस्त या नांवापुढें ‘देवाचा पुत्र’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द बहुसंख्य पोथ्यांत आढळतात. कांहीं थोड्या पोथ्यांत ते नाहींत. येशू कोण व तो कशासाठीं आला, यांविषयीं मार्काचें मत या दोन शब्दांवरून ठरतें, असें समजून उभयपक्षीं वाद घालण्यांत येतो. ही समजूत कितपत साधार आहे, हें पाहावयाचें आहे.

प्रथम पोथ्यांची साक्ष घेऊं. सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठांत टिशेनडॉर्फ यांस १८४४ व १८५९ सालीं जिचीं पानें मिळालीं, ती ‘सायनायटिकस’ पोथी चौथ्या शतकाच्या मध्याची आहे. तिचा मोठा भाग १९३३ सालीं सोव्हिएत सरकाराकडून एक लक्ष पौंडांस विकत घेण्यांत आला व तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. या पोथींत मूळ लेखकानें हे शब्द लिहिलेले नाहींत. एका प्राचीन शोधकानें ते ओळीच्या वर भरले आहेत. त्याच शतकांतील ‘व्हॅटिकनस’ पोथींत मात्र ते मूळ हातचेच आहेत. इजिप्तांतील ऑक्सिऱ्हिंकस येथें मिळालेला व २०११ सालीं प्रसिद्ध झालेला एक ताईत तिसऱ्या-चौथ्या शतकांतील आहे. त्यावरील उताऱ्यांत हे शब्द नाहींत. परंतु ताइतावरील मजकूर पुष्कळदां आटोपशीर केलेला असतो, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला पपायरसाचा तुकडा याहूनहि जुना. पण त्यांत पहिल्या अध्यायाच्या ७ ते ९ व १६ ते १८ या वचनांचेच अंश असल्यामुळें तो येथें निरुपयोगी आहे.

हे शब्द गळले कीं मागाहून घातले? पवित्र नामें संक्षेपानें लिहिण्याची त्या लेखकांची रीत होती. त्यामुळें या ओळींत चार संक्षेप लागोपाठ येतात व चारहि एकाच अक्षरानें संपतात. तेथें लेखकाची नजर घसरणें अगदीं संभवनीय आहे. उलटपक्षीं, ग्रंथारंभींच, लेखक ताजातवाना असतां अशी चूक कशी व्हावी, ही शंकाहि रास्त आहे. येशू बाप्तिस्म्याच्या वेळींच पुत्र झाला, असें कोणी म्हणूं नये म्हणून हे शब्द घालण्यांत आले, असा तर्क बार्ट अर्मन यांनीं १९९३ सालीं मांडला. २०१२ सालच्या नेस्ले-आलांड आवृत्तींत हे शब्द कंसांत आहेत. सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरच्या २०१० सालच्या आवृत्तींत ते गाळले आहेत.

आतां ग्रंथाकडे वळूं. पहिली ओळ क्षणभर झांकून ठेवली, तरी त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनांत आकाशवाणी येशूस पुत्र म्हणून संबोधिते. पुढें भुतें त्यास ओळखतात, पण तो त्यांस दटावून गप्प करितो. आठव्या अध्यायांत पेत्र त्यास ख्रिस्त म्हणतो. परंतु दुःख व मरण यांची गोष्ट निघतांच तोच पेत्र विरोध करितो व कठोर शब्द ऐकतो. दहाव्या अध्यायांत येशू आपलें कार्य सांगतो: सेवा घेणें नव्हे, तर सेवा करणें आणि पुष्कळांच्या खंडणीसाठीं प्राण देणें. त्यास देवाचा पुत्र म्हणून प्रथम कबूल करणारा मनुष्य म्हणजे वधस्तंभासमोर उभा असलेला रोमन शताधिपति. आणि तेंहि येशूनें प्राण सोडल्यावर.

यावरून येशूची ओळख व त्याचें कार्य मार्कानें एकाच धाग्यांत गुंफिलें आहे, हें स्पष्ट होतें. पहिल्या ओळींतील शब्द राहिल्यास वाचकास जें आरंभींच कळतें, तें ते नसल्यास दहा वचनांनंतर कळतें. फरक पडतो तो प्रकटीकरणाच्या क्रमांत, सिद्धांतांत नव्हे. म्हणून हे शब्द नसलेल्या पोथ्यांवरून मार्काचा येशू केवळ मनुष्य होता असें म्हणणारे, आणि हे शब्द गेल्यास श्रद्धेचा पायाच ढांसळेल असें भिणारे, दोघेहि एका ओळीवर तिला न पेलणारा भार घालतात.

शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हें जाणणाऱ्या पोथीसंग्राहकांस यांतील बोध निराळा सांगावयास नको. शोधकानें ओळीवर भरलेलें अक्षर हा मूळ पाठ नव्हे. पण तो कचराहि नव्हे. त्या काळच्या वाचकास काय हवें होतें, याचा तो लेखी पुरावा आहे. सायनायटिकसमध्यें दोन्ही हात शाबूत राहिले, म्हणूनच आज हा वाद पुराव्यानिशीं करितां येतो. आपल्याकडील पोथ्यांची नक्कल करितांनाहि मूळ हात व शोधकाचा हात यांची नोंद वेगवेगळी ठेवणें अगत्याचें आहे.