कट्यारीशी लग्न : ‘गादिस पांताई’ या कादंबरीविषयी

समुद्रकाठच्या खेड्यावर लिहावयास बसलेल्या शहरी लेखकास दोन मोह हटकून पडतात. एक माडांचा व चांदण्याचा, दुसरा दारिद्र्याचा. पहिल्या मोहाने खेड्याचे चित्र होते, दुसऱ्याने खेड्याची कीव होते; दोहोंतही खेड्यातील माणूस मात्र निसटतो. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील एका कोळी खेड्याविषयीची ‘गादिस पांताई’ ही कादंबरी आम्ही नुकतीच इंग्रजी भाषांतरातून वाचली. तीत हे दोन्ही मोह बव्हंशी टळले आहेत. ते कसे टळले, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रंथकर्ते प्रामुद्या अनंता तूर यांचा जन्म 1925 साली मध्य जावातील ब्लोरा गावी झाला व ते 2006 साली निवर्तले. ‘गादिस पांताई’ म्हणजे किनाऱ्यावरची मुलगी. ही कथा 1962 ते 1965 या काळात जाकार्ता येथील एका वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीन भागांच्या कुटुंबकथेचा हा पहिला भाग होता. 1965 च्या सत्तांतरात ग्रंथकर्ते पकडले गेले, त्यांच्या घरातील कागदपत्रांचा नाश झाला आणि पुढील दोन्ही भाग कायमचे नाहीसे झाले. उरलेला पहिला भाग 1987 साली पुस्तकरूपाने निघाला, तोच सरकारने त्यावर बंदी घातली. तेव्हा आपल्या हाती आहे ते एका मोठ्या घराचे केवळ ओसरीपुरते बांधकाम, हे वाचकाने आधीच ध्यानात ठेवावे.

कथानक साधे आहे. काळ डच अमलाचा, विसाव्या शतकाच्या आरंभीचा. रेंबांग शहराच्या आसपासच्या एका कोळी खेड्यातील चौदा वर्षांची मुलगी शहरातील एका सरदाराच्या मनात भरते. जावात अशा थोरांस ‘बेंदोरो’ म्हणतात. लग्नास वर येत नाही. त्याची कट्यार येते, व तिच्याशी मुलीचे लग्न लागते. आपल्याकडील संस्थानी घराण्यांतील खांडा-लग्नाची येथे वाचकांस आठवण होईल. मुलगी वाड्यात येते, पण ती खरी पत्नी नव्हे. बरोबरीच्या कुळातील स्त्री घरात येईपर्यंत ठेवावयाची ती सरावाची बायको! अशा कितीही बायका झाल्या तरी समाजाच्या दृष्टीने बेंदोरो अविवाहितच. पुढे मुलगी गरोदर राहते, कन्येस जन्म देते, आणि अपत्य वाड्यात ठेवून तिला बापाच्या स्वाधीन केले जाते. कथेत तिला नाव नाही. तिच्या नावाची वाड्यात कोणास गरजच पडत नाही.

ग्रंथकर्त्याची खरी कुशलता ही, की खेडे दाखविण्यासाठी त्याने नायिकेस खेड्यातून उचलून वाड्यात ठेवले. खेड्यात असताना सुकी कोळंबी कुटणे हे तिला काम वाटत होते. वाड्यात आल्यावर ते आपले जगणे होते असे तिला उमगते. येथे तिला कशिदा, बातिकचे कापड व धर्मपठण शिकविले जाते, परंतु पोटासाठी हात हलविण्याची बंदी आहे. लाटांचा आवाज भिंतीवरून येतो आणि बाप दर्यावर असेल काय, हा प्रश्न तो मागे ठेवून जातो. खेड्याची मीमांसा न करता, त्याच्या अभावानेच खेडे वाचकाच्या मनात उभे राहते.

बेंदोरो हा खलपुरुष नव्हे, ही दुसरी कुशलता. तो नमाजी आहे, पठणात रमणारा आहे, सरकारदरबारी त्यास मान आहे. कोळ्यांची वस्ती घाणेरडी, आणि जेथे स्वच्छता नाही तेथे श्रद्धा कोठून, हे त्याचे ठाम मत. त्याच्या बोलण्यात क्रूरता नाही, आणि म्हणूनच ते आम्हांस अधिक भयंकर वाटले. त्याच्या पानातील मासळी त्याच घाणेरड्या वस्तीतून येते, हा विचार त्याच्या विद्वत्तेस एकदाही शिवत नाही.

सर्व ग्रंथात आम्हांस सर्वोत्तम वाटला तो माहेरपणाचा प्रसंग. मुलगी भेटवस्तू घेऊन गावी येते. सारा गाव लोटतो, पण कोणी जवळ येत नाही. खुद्द बाप तिच्याशी वाड्यातल्या बाईसाहेबांशी बोलावे तसा अदबीने बोलू लागतो. ज्या मुलीला त्याने खांद्यावर खेळविले, तिला नावाने हाक मारण्याचे धैर्य त्यास होत नाही. सरंजामशाही कायद्यात असते त्याहून अधिक जिभेत असते, हे दहा निबंधांनी पटणार नाही ते या एका अदबीने पटते.

दोषही सांगितले पाहिजेत. याच भागात कारस्थान शिरते. मुलीच्या जिवावर उठून आलेल्या शहरी माणसांचा कोळी लोक दर्यावर निकाल लावतात, आणि कारस्थानात सामील असलेल्या कुलीन दासीचे लग्न गावच्या गोष्टीवेल्हाळाशी लावून देतात. वर्तमानपत्री कथेस उत्कंठा हवी हे खरे. परंतु एवढ्याने गाव एकदिलाचा व निष्पाप होऊन बसतो. मासळी खारवावयाची तर मीठ हवे, आणि जावात मिठावर डच सरकारचा मक्ता होता. धान्य हवे तर किनाऱ्यामागच्या शेतकऱ्याकडे पाहणे आले. होडी कोणाची, कर्ज कोणाचे, मासळीचा भाव कोण ठरवितो, या प्रश्नांवरच अशा खेड्याचे दैनंदिन जीवन उभे असते. ग्रंथकर्ता त्यांना स्पर्श करून पुढे जातो. वाड्याचा त्याने जितका बारकाईने हिशेब मांडला तितका खेड्याचा मांडला नाही.

असे असूनही हा ग्रंथ मोठा का, याचे उत्तर रेंबांगच्याच इतिहासात आहे. कार्तिनी ही विदुषी 1903 साली रेंबांगच्या रीजंटाची पत्नी होऊन याच शहरी आली व पुढील वर्षी बाळंतपणानंतर वारली. तिची पत्रे 1911 साली प्रसिद्ध झाली आणि जावातील स्त्रियांच्या दुःखास वाणी मिळाली. परंतु कार्तिनीची जन्मदात्री स्वतः सामान्य कुळातील, म्हणून घरात दुय्यम ठरलेली. तिची पत्रे कोठे आहेत? ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या दुःखाचे दप्तर कोणी ठेवले? 1962 साली कार्तिनीवर ग्रंथ लिहिणाऱ्या प्रामुद्यांना हा प्रश्न पडला असला पाहिजे. कारण ‘गादिस पांताई’ ही त्यांनी आपल्या आजीच्या आयुष्यावरून रचली आहे. न लिहिलेली पत्रे नातवाने लिहून काढली, असेच या ग्रंथाचे वर्णन करावे लागेल.

शेवटी मुलगी बापाबरोबर गावी जात नाही. ज्या गावाने आपल्याला बाईसाहेब केले त्या गावाला आता टाकलेली बाई म्हणून तोंड कसे दाखवावे? ती दर्याकडे पाठ करून दक्षिणेस ब्लोराच्या वाटेने निघते. पुढे तिचे काय झाले हे सांगणारी पाने नष्ट झाली आहेत.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी पुस्तके आहेत, स्वच्छता आहे, देवधर्म आहे. आणि भांडी घासावयास येणारी कोणी बाईही आहे. ‘गादिस पांताई’ वाचताना आपण साहजिकच मुलीच्या बाजूने रडतो. परंतु ग्रंथ मिटल्यावर, आपले घर अधिक कोणाच्या घरासारखे आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. आम्ही तो विचारून पाहिला, आणि मिळालेले उत्तर फारसे सुखाचे नव्हते.