विठाबाईंची ‘निष्ठा’ आणि आपली समीक्षा

विठाबाई नारायणगावकरांवर कोणी बोलायला उभा राहिला की एक प्रसंग हटकून येतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. मग टाळ्या. लेखांतून याला ‘कलेवरील निष्ठा’ म्हटले जाते. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

मी चाकणजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिलाच. माझे चुलते तंबूफडात हलगी वाजवीत. त्यामुळे तमाशा मला ग्रंथालयाआधी थंडीत भेटला. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो. यात्रांच्या सुपाऱ्या मुख्यतः चैत्रातल्या. थंडीत गावोगाव तंबू ठोकून तिकिटावर खेळ करावा लागतो. पौषाच्या गारठ्यात हलगीचे कातडे सैल पडे, म्हणून चुलते कनातीमागे पाचट पेटवून ती शेकत. त्याच जाळावर बाया पाय शेकत आणि मग चाळ बांधत. खेळ संपला की तंबू उतरवायचा, ट्रकमध्ये सामानावर अंग टाकायचे. नारायणगाव-चाकण रस्ता चुलत्यांनी बहुधा झोपेतच पाहिला.

आमच्या समीक्षेने गण, गवळण, बतावणी, वग यांची भरपूर चिकित्सा केली. ‘लोकनाट्य’ म्हणून त्यांना नाट्यगृहातही नेले. जाळ, ट्रक आणि उचल मात्र बाहेरच राहिली. आणि उचल समजल्याशिवाय तो प्रसंग समजत नाही. हंगामाआधी कलावंत मालकाकडून उचल घेतो, मालक सावकाराकडून. खेळ मोडला तर तिकिटाचे पैसे परत, वर तंबूवर दगड. फड घरचा असला तरी थांबण्याची सोय नसते. विठाबाईंचा कलेचा अभिमान मी नाकारत नाही. पण अभिमान आणि नाइलाज एकाच पायात असू शकतात, हे आमच्या समीक्षकांना सुचू नये?

भोसरीतल्या एखाद्या कारखान्यात बाई मशीनजवळ बाळंत होऊन पुन्हा पाळीवर उभी राहिली, तर आपण तिचा सत्कार करू की गेटवर मोर्चा नेऊ? मग इथे टाळ्या का? कारण ही बाई मांगा-महाराच्या, कोल्हाट्याच्या घरची. तिच्या कष्टांना श्रम म्हणण्याची सवयच प्रस्थापितांना नाही. आपणही त्यांचाच शब्द उचलला. फडाच्या नावात ‘भाऊ-बापू मांग’ होते. शासनाने विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्यात ‘मांग’ गळले. स्वतः विठाबाई जानेवारी २००२ मध्ये विपन्नावस्थेत गेल्या.

वर्गात हा प्रसंग सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, त्यांना रजा नव्हती का?” तिची आई कंत्राटावर कामाला जाते. मी घरी येऊन कायदा पाहिला. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा मुळात कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने घोडेस्वारी, कसरती व इतर खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांतील स्त्रियांनाही तो लागू झाला. डोळ्यांपुढे सर्कस असणार, तमाशा नव्हे. तरीही खेळ करणारी बाई कामगार असते, एवढे कायदा करणाऱ्यांना दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला हे सांगितले. तिने वहीत उतरवून घेतले आणि विचारले, परीक्षेत निष्ठा लिहायचे की हे?