दोंगहाक : बंड आणि घर

कोरियाच्या इतिहासावरचे छोटेसे पुस्तक उघडले, तरी १८९४च्या शेतकरी उठावाच्या प्रकरणात बारा कलमांची एक यादी सहसा भेटतेच. गुलामांच्या नोंदवह्या जाळून टाका, तरुण विधवांना पुनर्विवाह करू द्या, जुनी कर्जे रद्द करा, जमीन कसण्यासाठी समान वाटून द्या, अशी ती कलमे. दोंगहाक, म्हणजे ‘पूर्वेची विद्या’, या धर्मपंथाने समाजसुधारणेसाठी काय केले, या प्रश्नाला उत्तर म्हणून सामान्यतः हीच यादी पुढे केली जाते. गेली काही वर्षे मी या पंथाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की, या यादीवर आपण नको इतका भार टाकला आहे; आणि त्या भाराखाली पंथाची खरी कामगिरी झाकली गेली आहे.

आधी यादीचा उगम पाहू. ती येते ओ जी-योंग यांच्या ‘दोंगहाक-सा’ या पुस्तकातून. ओ स्वतः चळवळीतले होते, ही जमेची बाजू. पण पुस्तक छापले गेले १९४० साली, उठावानंतर ४६ वर्षांनी. आणि त्यावर ‘ऐतिहासिक कादंबरी’ असे लिहिलेले होते. आधीच्या हस्तलिखितातली कलमे छापील कलमांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यात आणखी एक गुंता आहे. त्याच १८९४ साली जपानच्या छायेखालच्या कोरियन सरकारने गुलामगिरी रद्द केली आणि विधवाविवाहाला परवानगी दिली. तेव्हा उठावकऱ्यांची मागणी कोणती आणि नंतरच्या कायद्याच्या आठवणीतून आलेली भर कोणती, हे वेगळे करणे कठीण जाते. उठावाचे नेते जॉन बोंग-जून यांची १८९५ची जबानी उपलब्ध आहे. तिच्यात जोर आहे तो भ्रष्ट अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीवर. गोबू येथील दंडाधिकाऱ्याने शेतकऱ्यांकडून वेठीने बंधारा बांधून घेतला आणि वर त्याच पाण्यावर कर बसवला, हे उठावाचे निकटचे कारण होते. ते पुरेसे गंभीर आहे. त्याला नव्या समाजरचनेच्या जाहीरनाम्याची जोड द्यायलाच हवी, असे नाही.

मग सुधारणा कुठे शोधायची? माझ्या मते ती घरात शोधावी लागते.

पंथाचे संस्थापक च्वे जे-उ (१८२४–१८६४) यांची आई पुनर्विवाहित विधवा होती. वडील विद्वान, पण अशा आईच्या मुलाला राज्याच्या परीक्षांचे दार बंद. म्हणजे कुलीनतेचा नियम माणसाचे आयुष्य कसे अडवतो, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होते. १८६० साली त्यांना साक्षात्कार झाला. प्रत्येक माणूस आपल्या आत ईश्वराला धारण करून असतो, ही त्यांची शिकवण. परंपरा सांगते की, त्यांनी घरातल्या दोन दासींना मुक्त केले. एकीला सून करून घेतले, दुसरीला मुलगी मानले. त्यांनी विद्वानांसाठी चिनी लिपीत लिहिले आणि चिनी न येणाऱ्यांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, साध्या कोरियनमध्ये पद्यरचना केली. चार वर्षांत सरकारने त्यांचा शिरच्छेद केला.

दुसरे प्रमुख च्वे शी-ह्योंग (१८२७–१८९८) पोरके, गरीब, कागदाच्या कारखान्यात राबलेले. तीस वर्षांहून अधिक काळ ते पोलिसांना चुकवत खेडोपाडी हिंडले, आणि लपत राहत असतानाच १८८० व १८८१ मध्ये त्यांनी गुरूचे ग्रंथ छापवून घेतले. फरारी माणसाला व्यासपीठ नसते. त्याला आसरा देणाऱ्यांचे घर असते. त्यांची शिकवण त्यामुळेच घरगुती झाली असावी, असे मला वाटते. एका अनुयायाच्या घरी मागाचा आवाज ऐकून त्यांनी विचारले, कोण विणते आहे? सून, असे उत्तर आले. त्यावर त्यांनी पुन्हा विचारले की, विणते आहे ती खरोखर तुमची सून, की साक्षात ईश्वर? मुलाला मारू नका, ते ईश्वराला मारणे आहे, असेही ते सांगत. स्त्रियांसाठी त्यांनी जे उपदेश लिहिले, त्यांत घरच्या नोकरांना आपल्या मुलांप्रमाणे वागवण्याची सूचना आहे.

हे सारे गोड उपदेश म्हणून सोडून देता आले असते. पण एकदा त्याची किंमत मोजायची वेळ आली. जोल्ला प्रांतात हीन कुळातल्या नाम ग्ये-चॉन यांना त्यांनी प्रमुखपद दिले. कुलीन अनुयायांना ते सहन होईना. त्यांनी एकत्र येऊन विरोध केला. च्वे मागे हटले नाहीत. पंथ आधीच बंदी आणि पाठलाग यांनी पिचलेला असताना वजनदार अनुयायी गमावण्याचा धोका त्यांनी पत्करला. माझ्या लेखी हा प्रसंग बारा कलमांपेक्षा मोठा पुरावा आहे. कलम दुसऱ्याकडून काही मागते. इथे पंथाने स्वतःकडून मागितले.

मात्र मागाच्या गोष्टीकडे टीकेच्या नजरेनेही पाहिले पाहिजे. पंथाच्या परंपरेत ती गोष्ट नेहमी गुरूच्या थोरवीसाठी सांगितली जाते. यजमानाचे नाव इतिहासाने जपले, सुनेचे नाही. ईश्वर ठरल्यावरही ती मागावरच बसलेली आहे. कष्टाला पावित्र्य देणे आणि कष्ट हलके करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मसुधारणेच्या चळवळी पहिलीवर समाधान मानतात आणि दुसरी राहून जाते. दोंगहाक या दोषातून मुक्त नव्हता.

तरीही ती शिकवण वाया गेली नाही. १८९४च्या अखेरीस उगुमची येथे जपानी बंदुकांपुढे शेतकरी सैन्य मोडले. जॉन बोंग-जून यांना १८९५ मध्ये, च्वे शी-ह्योंग यांना १८९८ मध्ये फाशी झाली. तिसरे प्रमुख सोन ब्योंग-ही यांनी १९०५ साली पंथाला चोंदोग्यो, म्हणजे ‘स्वर्गीय मार्गाचा धर्म’, हे नाव दिले. १९१९च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील ३३ सह्यांपैकी १५ या पंथाच्या लोकांच्या होत्या. त्यांचे जावई बांग जोंग-ह्वान (१८९९–१९३१) यांनी तोच धागा मुलांपर्यंत नेला. पंथाच्या बालसंघटनेने १९२२ साली बालदिन पाळला. पुढल्या वर्षी त्यांनी ‘ऑरिनी’ हे मुलांचे मासिक सुरू केले. मुलांसाठीचा हा आदराचा शब्द त्यांनीच रूढ केला. मोठ्यांनी मुलांशी आदरार्थी बोलावे, असाही त्यांचा आग्रह होता.

मराठी वाचकाला यातले मर्म समजावून सांगायला नको. ‘तू’ कुणाला आणि ‘तुम्ही’ कुणाला, यात आपली अख्खी उतरंड मावते. कोरियन भाषेत तर हा भेद वाक्याच्या क्रियापदातच बसलेला असतो; तो टाळून बोलताच येत नाही. तिथे लहान मुलाला आदरार्थी हाक मारणे म्हणजे रोज, प्रत्येक वाक्यात, एक पायरी खाली उतरणे.

दक्षिण कोरियात आज ११ मे हा १८९४च्या उठावाचा राष्ट्रीय स्मरणदिन आहे आणि ५ मे हा बालदिनाच्या सुट्टीचा दिवस. पहिल्या दिवशी दोंगहाकचे नाव घेतले जाते. दुसऱ्या दिवसाची मुळेही त्याच पंथात आहेत, हे सहसा आठवत नाही. इतिहासकार बंडाचे मोजमाप करतात, कारण बंडाला तारीख असते, प्रेते असतात, जबान्या असतात. सुनेशी कोणी कसे बोलले, याची दफ्तरी नोंद होत नाही. एखाद्या धर्माने समाज बदलला की नाही, हे ठरवताना मात्र मला ती न झालेली नोंदच आधी शोधावीशी वाटते.