माझगावचा आकडा कुणाचा?

आकडा निःपक्षपाती असतो असे शाळेत शिकवतात. असेलही. पण आकड्याचे चित्र काढणारा कुठल्या तरी वस्तीतून आलेला असतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रोग निघालेल्या घरांच्या भिंतींवर वर्तुळे काढली गेली; त्या वेळच्या छायाचित्रांत ती दिसतात. निरक्षरालाही वाचता येईल असे ते चित्र. मात्र ते घराकडे बोट दाखवी, त्या घरात माणसे का कोंबली गेली याकडे नव्हे. पुढे १९२७ मध्ये केरमॅक व मॅकेंड्रिक यांनी १९०५-०६ मधील मुंबई बेटावरच्या प्लेगमृत्यूंचा आठवडावार आलेख छापला. साथीच्या गणितात तो जगप्रसिद्ध आहे. घंटेसारखी देखणी रेघ! तिच्यात मलबार हिल आणि माझगाव एकाच शाईत विरघळले.

२०२० च्या कोविडमध्ये रेघेच्या जोडीला विभागवार नकाशा आला. भायखळा, नागपाडा, माझगाव मिळून 'ई' विभाग, त्याला एक आकडा. ताडवाडीच्या बी.आय.टी. चाळीतली खोली (प्लेगनंतर १८९८ मध्ये निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ही देणगी) आणि शेजारचा टॉवर, दोघांची बेरीज केलेली. शिवाय 'रुग्ण दुपटीचा कालावधी' हा तक्ता. हा कालावधी वाढला म्हणजे साथ मंदावली; पण 'दुप्पट' आणि 'वाढला' हे शब्द ऐकून सामान्य माणूस घाबरणारच. ज्याच्यासाठी तक्ता, त्यालाच तो उलटा वाचावा लागतो, हा दोष वाचकाचा नव्हे.

जुलै २०२० मध्ये आर-उत्तर, एम-पश्चिम व एफ-उत्तर या तीन विभागांतल्या ६,९३६ जणांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला, बाहेर १६ टक्के. त्यात 'ई' विभाग नव्हता, तरी मुद्दा तोच. दाटी आणि सामाईक संडास ही कारणे अभ्यासकांनीच सुचवली. हे दोन स्तंभ शेजारी उभे केले की विभागाचा एकरंगी नकाशा काय झाकतो ते कळते. आणि माहिती नव्हती असेही नाही. झोपड्या-चाळींची 'प्रतिबंधित क्षेत्रे' आणि 'सीलबंद इमारती' यांची मोजदाद महापालिका वेगवेगळी ठेवीत होती.

विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. एका संडासामागे किती माणसे, याचा साधा स्तंभालेख चाळीच्या फळ्यावर खडूनेही काढता येतो. शेजारी टॉवरचा स्तंभ काढावा. खोलीचा क्रमांक मात्र त्यावर नको. भिंतीवरची वर्तुळे एकदा पुरे झाली.